तळ्याकडच्या दोन ओळी

१२ मार्च

वन्सं,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. न वाचता फाडायचं म्हटलं तरी ते हातात घ्यावं लागतं, एवढ्यावरच माझी भिस्त आहे.

तुमच्या भावाला हे सांगितलेलं नाही. वजनकाटे दुरुस्त करून करून त्यांना काटा मधोमध ठेवायची इतकी सवय लागली आहे, की गेली दोन वर्षं ते तुमच्या-माझ्या मधोमधच उभे आहेत. रविवारी तुमच्याकडून परत आले की मी विचारते, "वन्सं कशा आहेत?" "बऱ्या आहेत." "काही म्हणाल्या?" "काही नाही." एवढं 'काही नाही' आणायला माणूस चाळीस किलोमीटर जातो आणि चाळीस किलोमीटर परत येतो. माझ्याबद्दलही तुमच्याकडे असंच 'काही नाही' पोचत असणार. म्हटलं, आपणच लिहावं.

आमच्या संशोधन केंद्राला तो हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा आणखी एका हंगामासाठी मिळालाय. शेवटचा. या वेळी जमलं नाही तर कॅमेरा परत जाईल आणि आमच्या विभागाला कुलूप लागेल. केंद्रामागच्या शेतात आम्ही काल बटाटा लावला. शेताचे दोन तुकडे केलेत. एक शिकवणीचा, दुसरा परीक्षेचा. परीक्षेच्या तुकड्यात बाराशे झाडं आहेत, त्यातल्या एकशे वीस बेण्यांत प्रयोगशाळेनं मुद्दाम विषाणू घातलाय. ती कुठं लावली तो नकाशा बियाणे प्रमाणीकरणाच्या साहेबांनी पाकिटात घालून लाख लावून ठेवलाय. ती झाडं आम्ही वरून शोधायची, डोळ्याला काही दिसायच्या आत.

तुमच्या बियाणे संघाच्या शेतांवर आम्ही उडणार नाही. तसा ठरावच आहे. तुम्ही अध्यक्ष म्हणून मांडलात आणि एकमतानं मंजूर झाला. तुमच्या जागी मी असते तर मीही मांडला असता. त्या दिवशी आकाशानं दगा दिला, आणि तुमचं नऊ वर्षं निवडून निवडून जपलेलं बेणं खड्ड्यात गेलं. त्याबद्दल मला वाईट वाटतं, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आता सांगते आहे.

तुमची भावजय


१९ एप्रिल

वन्सं,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं. तुमचे बंधुराज मात्र रविवारी म्हणाले, "टेबलावर पाकीट होतं. फोडलेलं." आणि लगेच काटा मध्यावर.

इथे रोज अकरा ते दोन माझी धांदल असते. सूर्य डोक्यावर असतो तेवढाच वेळ कामाचा. मी नखशिखांत काळे कपडे घालते, कारण फिकट कपड्यावरून उजेड उडून पानांवर पडला तर कॅमेरा फसतो. पायलट म्हणतो, "मॅडम, तुम्ही लांबून जळकं खोड दिसता." हा पायलट म्हणजे आमचा ड्रोन उडवणारा. विमानात बसला तर त्याला मळमळतं, पण हाक मात्र पायलट अशीच लागते. उडण्याआधी मी एका पांढऱ्या पाटीवरचा उजेड मोजून घेते. तिला बोट लागलेलं चालत नाही. ती आमची मोजपट्टी. उडून आल्यावर पुन्हा पाटी मोजायची. दोन्ही आकडे जुळले तरच मधलं सगळं खरं.

तुम्ही एकदा विचारलं होतं, "हा कॅमेरा माझ्यापेक्षा जास्त काय बघतो?" तेव्हा मी मोठमोठे शब्द फेकले होते. आज साधं सांगते. आपल्या डोळ्याला पानातून तांबडा, हिरवा, निळा एवढंच मिळतं. हा कॅमेरा पानावरून परतणाऱ्या उजेडाच्या दोनशे सत्तर बारीक चिरफळ्या करतो. जवळजवळ अर्ध्या आपल्याला दिसतच नाहीत. प्रत्येक चिरफळीत पान किती उजळ आहे ते मांडलं की एक वेडीवाकडी रेघ तयार होते. धडधाकट पानाची रेघ तांबड्याच्या पलीकडे कड्यासारखी सरळ वर चढते. पान आतून आजारी असेल तर वरून हिरवंगार दिसत असतानाही तो कडा जरासा सरकतो. तुम्ही पानाकडे बघून "ह्याचं काहीतरी बिनसलंय" म्हणता ना, तेच ते.

पण गाडी अडली आहे. तहानलेल्या झाडाचा कडाही असाच सरकतो. उपाशी झाडाचाही. संगणकाला रोगट आणि तहानलेलं यांतला फरक कळेना. शिकवायचं तर त्याला झाडं दाखवून सांगायला हवं: हे बघ, हे रोगट, हे नुसतं तहानलेलं. प्रयोगशाळा हंगामात दोनशेच पानं तपासून देते, आणि कुठली दोनशे पाठवावीत हेच आम्हाला कळत नाही. निरीक्षक येऊन गेले. त्यांना दिसतात ती झाडं तर मलाही दिसतात.

असा फरक ओळखणारं एकच माणूस मला माहीत आहे. मी काही मागत नाही आहे. फक्त सांगितलं.

त्या वर्षी मधेच ढग आला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचं पुन्हा कधीतरी.

तुमची भावजय


२७ एप्रिल

वन्सं,

'पुन्हा कधीतरी' लिहिलं आणि आठ दिवस माझं कशातच चित्त लागेना. तेव्हा आजच.

ढग आला होता हे खरं. पातळ होता, ड्रोन तुमच्या तळ्याकडच्या तुकड्यावर निम्म्यात असताना आला. खाली उतरल्यावर मी पाटी पुन्हा मोजली. आकडे जुळले नाहीत. वन्सं, ते तेव्हाच जुळले नव्हते. मला दुपारी दोन वाजताच कळलं होतं.

पुन्हा उडायला हवं होतं. पण प्रमाणीकरणाचे साहेब तुमच्या ओसरीवर येऊन बसले होते. रोग पसरवणारा मावा उडायला लागला होता, शेजारचे शेतकरी धास्तावून कुंपणाला टेकून उभे होते, प्रयोगशाळेचा निकाल यायला तीन आठवडे होते. नकाशात निम्मा तुकडा लालभडक, म्हणजे रोगट दिसत होता. आणि साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगा." बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला कुणी असं विचारलं होतं. मी मनाशी म्हटलं, एवढ्याशा ढगानं इतका फरक कसा पडेल? मनाशी काय वाटेल ते म्हणता येतं.

तुम्हाला कुणी सक्ती केली नव्हती. शेजाऱ्यांची शेतं वाचावीत म्हणून तुम्हीच उपटायचं ठरवलंत. तुम्ही मला एवढंच विचारलंत, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की."

पुढे निकाल आला आणि तुमचं बेणं स्वच्छ होतं हे कळलं. जेवणाच्या टेबलावर तुम्ही म्हणालात, "तुझं यंत्र आंधळं, आणि तू मुकी." तुमच्या भावाला वाटलं तुम्ही रागाच्या भरात बोललात. मी तेव्हा ताटाकडे बघत बसले, कारण तुम्ही ते मोजून मापून बोलला होतात हे मला कळलं होतं. यंत्र आंधळं नव्हतं. त्यानं मला सांगितलं होतं.

काल मी हे सगळं जसंच्या तसं लिहून आमच्या संचालकांना आणि प्रमाणीकरण कार्यालयाला दिलं. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "हे दोन वर्षांपूर्वी हवं होतं." मी म्हटलं, "हो सर." माझ्या फाइलीत नोंद झाली. हंगाम संपेपर्यंत कामावर ठेवतील, पुढचं पुढे.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुमच्याच डोक्यावर येईल. तुम्हाला खरं काय ते माहीत असावं, एवढंच.

तुमची भावजय


६ मे

वन्सं,

परवा आणि काल जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच तर होतात. तरीही लिहून काढते, कारण अजून माझाच विश्वास बसत नाहीये.

फाटकात पायलटनं तुम्हाला विचारलं, "कोण हवंय?" तुम्ही म्हणालात, "रोगट झाडं." तो पळतच माझ्याकडे आला. "मॅडम, एक बाई आल्यात. खांद्यावर काड्यांचा भारा आहे. मला वाटतं, आपल्याला मारायला आणल्यात."

मी "वन्सं" म्हणून पुढे झाले, तर तुम्ही म्हणालात, "ओळ कुठनं सुरू होते ते आधी दाखव."

आकाश भरून आलं होतं, मी हात चोळत बसले होते. तुम्ही वर बघून म्हणालात, "छान उजेड आहे." तेव्हा कुठं मला कळलं की पानावरची फिकट नक्षी ढगाळ उजेडातच नीट दिसते. माझा वैरी तो तुमचा सोबती. ऊन पडलं की तुम्ही उन्हाकडे पाठ करून पानावर आपली सावली धरत होतात. दोन दिवस, शिकवणीच्या तुकड्यातले अडीच एकर, एकेक झाड. रोगट झाडाशी उभी काडी. तहानलेल्या-उपाशी झाडाशी आडवी. मी मागनं वहीत टिपत होते. एका झाडापाशी तुम्ही बराच वेळ थांबलात. मी विचारलं, "उभी की आडवी?" "थांब. अजून त्याचं त्यालाच ठरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी बांधावर बसल्यावर तुम्ही म्हणालात, "तिन्ही पत्रं वाचली. तिसरं दोनदा."

मी वही मिटली.

"पहिल्या दोनांत ढगावर ढकललंस."

"हो."

"ढग बिचारा येतो नि जातो." मग पाण्याची बाटली माझ्यापुढे धरलीत. "पी. तूही आडव्या काडीतली दिसतेस."

वन्सं, मी हसले की रडले हे मला सांगता येणार नाही. पायलट म्हणतो, दोन्ही.

आणि निघताना, पाय मोटारीत ठेवून, सहज बोलल्यासारखं बोललात. की प्रयोगशाळेनं त्या वर्षी तपासायला घेतलेल्या विसांतले सात बटाटे न कापता परत दिले होते. ते तुम्ही गेल्या वर्षी लावलेत. या वर्षी त्यांच्या दोन ओळी आहेत तळ्याकडे, अठ्ठेचाळीस झाडं. संघाच्या कुठल्याही नोंदीत नाहीत. म्हणजे ते बेणं अजून जगात आहे! हे तुम्ही दोन वर्षं स्वतःच्या भावालाही सांगितलं नव्हतं. आपल्या घरात मुकी मी एकटीच नाही म्हणायची.

तुमच्या चौसष्ट उभ्या काड्यांची पानं आणि चाळीस आडव्यांची पानं प्रयोगशाळेला धाडली आहेत.

तुमची भावजय


२३ मे

वन्सं,

हे पत्र तुमचे बंधुराज हातोहात घेऊन येत आहेत. ते समोर बसलेले असतानाच वाचा.

आधी काड्यांचं. चौसष्ट उभ्यांपैकी बासष्ट झाडांत विषाणू निघाला. चाळीस आडव्यांपैकी एकातही नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला फोन करून विचारलं, "हे कुठल्या यंत्रानं शोधलं?" मी म्हटलं, "यंत्राला दम्याचा त्रास आहे आणि ते कुणाचं ऐकत नाही." तुमच्या काड्यांवर संगणक पुन्हा शिकला, आणि तहान व रोग वेगळे ओळखू लागला. परीक्षेच्या तुकड्याची आमची यादी आम्ही सोळा तारखेला बंद पाकिटात दिली आहे.

आता तुमच्या ओळींबद्दल. त्या संघाच्या नोंदीत नसल्यानं ठराव आड आला नाही; मंगळवारी तुम्ही बोलावलंत म्हणून आम्ही त्यांच्यावर तीनदा उडलो. तीनही वेळा आधीची आणि नंतरची पाटी तंतोतंत जुळली. आकडे सोबतच्या कागदावर आहेत, तुम्ही स्वतः पडताळून बघा.

सत्तेचाळीस झाडं निर्मळ आहेत. दुसऱ्या ओळीतलं, तळ्याच्या बाजूनं सतरावं झाड, मला आजारी वाटतं. तुम्ही त्याला आडवी काडीही लावली नव्हती. मीही तिथे उभं राहून पाहिलं, आणि मलाही ते सगळ्यांत तजेलदार दिसलं.

नक्की आहे का? नाही. अशी दहा झाडं मी दाखवली तर नऊ खरोखर आजारी निघतात, एक निघत नाही. ते एक हेच असू शकेल. प्रयोगशाळेला आठ दिवस लागतील. मावा उडू लागला आहे. सतरावं आजारी असेल तर आठ दिवसांत सोळावं, अठरावं आणि समोरच्या ओळीतली दोन-तीन जातील. आजारी नसेल आणि तुम्ही उपटलंत, तर त्या सात बटाट्यांपासून वाढवलेलं एक चांगलं झाड पुन्हा माझ्या शब्दावरून जाईल.

मला जे माहीत आहे ते सगळं या कागदावर आहे. यापेक्षा एक अक्षरही जास्त मला माहीत नाही. ठरवायचं तुम्ही. ठेवलंत तरी मला वाईट वाटणार नाही.

तुमची भावजय


२ जून

वन्सं,

त्या दिवशी बंधुराज परत आले ते दारातच उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही म्हणाल्या?" आणि काय सांगू, माणूस लग्नानंतर पहिल्यांदा सलग पाऊण तास बोलला!

म्हणे, तुम्ही पत्र उभ्यानं वाचलंत. आकड्यांचा कागद खिडकीशी नेऊन बघितलात. मग थेट तळ्याकडे. सतराव्या झाडापाशी उकिडव्या बसलात. पानं उलटून पाहिलीत, देठ पाहिला. "मला काही दिसत नाही," म्हणालात.

हे म्हणाले, "मग राहू दे ना ताई. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तिनं काय लिहिलंय वाचलंस?"

"नाही. तुझं पत्र आहे."

"तिनं 'नक्की' लिहिलेलं नाही." एवढं बोलून तुम्ही दोन्ही हातांनी झाड मुळासकट, बटाट्यांसकट उपटलंत. एक मुळी राहिली होती ती पुन्हा बोटं घालून काढलीत. पानं पिशवीत घालून ह्यांच्या हातात दिलीत, "प्रयोगशाळेत देऊन ये," म्हणालात, आणि हात धुवायला निघून गेलात. ह्यांनी ती पिशवी वजनांच्या पेटीत, मखमलीच्या खाचेत ठेवून नेली. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणे, "इतक्या थाटात आमच्याकडे पान कधी आलेलं नाही."

 काल दुपारी निकाल आला. कागद सोबत जोडला आहे, पण तुम्ही चष्मा शोधाल म्हणून मीच लिहिते.

सतरावं झाड आजारी होतं.

शेजारच्या सहाही झाडांची पानं साहेबांनी आपल्या हातानं नेली होती. सहाही स्वच्छ. तुमचं बेणं वाचलं, वन्सं. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस झाडं वाचली!

हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि काय करावं न सुचून पायलटशी हस्तांदोलन केलं. त्यानं घाबरून विचारलं, "नोकरी गेली का?"

आणि आज सकाळी परीक्षेचं पाकीट उघडलं. संचालक, साहेब, प्रयोगशाळेच्या बाई, सगळे केंद्राच्या त्या अरुंद बैठकीच्या खोलीत. साहेबांनी लाख फोडली, नकाशा पसरला, आमची यादी शेजारी ठेवली आणि पेन्सिलीनं एकेक झाडावर खूण करू लागले. शंभर झाली तरी पेन्सिल थांबेना. एकशे वीसपैकी एकशे अकरा! चुकून धरलेली निरोगी झाडं फक्त चार. आम्ही यादी दिली त्याच दिवशी निरीक्षक चालत फिरले होते, त्यांना बावन्न दिसली होती. उरलेली दिसायला त्यांना आणखी दोन आठवडे लागले.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "मॅडम, दोन वर्षांपूर्वी हे का नाही जमलं?"

मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी आम्ही वन्संना विचारलं नव्हतं." 'वन्सं' हे कुठलं उपकरण, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग मी सगळं सांगितलं. संचालकांनी पुन्हा चष्मा पुसला. विभागाला कुलूप लागणार नाही. मला कामावर ठेवलंय. फाइलीतली नोंद राहील, आणि ती राहावीच.

तुमच्या संघाचा ठराव आहे तो आहेच, मी त्याबद्दल शब्द काढणार नाही. मला आज दुसरं काही नकोच आहे. मी फार म्हणजे फारच आनंदात आहे, आणि हे सगळ्यांत आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तुमची भावजय


९ जून

अगं ए,

मला पत्रं लिहायची सवय नाही. फोन करणार होते, पण तुझ्या सहा पत्रांना एक तरी उत्तर पडायला हवं.

प्रयोगशाळेचा कागद मिळाला. चष्मा शोधावा लागला नाही, डोक्यावरच होता. वाचून झाल्यावर मी तळ्याकडे जाऊन बसले. सत्तेचाळीस झाडं बघितली. दोन वर्षांत त्या बांधावर मी बसले नव्हते, येता-जाता नुसती उभी राहायचे.

झाड उपटताना भीती वाटली का, असं तुझा नवरा विचारत होता. वाटली. तू 'दहात नऊ' लिहिलंस म्हणून उपटलं. दहात दहा लिहिलं असतंस तर हात लावला नसता. तुला जेवढं ठाऊक आहे तेवढंच तू मला सांगितलंस, आणि ते ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. यापेक्षा जास्त मी या विषयावर बोलणार नाही, तूही बोलू नकोस.

काल संघाची सभा घेतली. गोदामात बसायला जागा नव्हती, माणसं पोत्यांवर बसली. मी उभी राहून सांगितलं, कॅमेरा बंदीचा ठराव मी मांडला होता, तो मीच मागे घेते. गलका झाला. संघातला तो पंपवाला शेतकरी म्हणाला, "ताई, तुमचंच शेत बुडालं होतं ना त्यात?" मी म्हटलं, "म्हणूनच मी सांगतेय. तुझं बुडालं असतं तर तू सांगितलं असतंस." मग त्यांना सतराव्या झाडाचं सांगितलं. मला दिसलं नव्हतं तेही सांगितलं. तेव्हा मागची माणसं पोत्यांवरून उठून पुढे आली, कारण मला न दिसलेलं झाड या भागात आजवर कुणी ऐकलेलं नाही.

अटी घातल्या. उडण्याआधीचे आणि नंतरचे पाटीचे आकडे शेतकऱ्याला दाखवायचे. जुळले नाहीत तर त्या दिवसाचं काही धरायचं नाही, मग दारात साहेब बसलेला असो नाहीतर आणखी कुणी. आणि दाखवलेल्या झाडापाशी आधी मी जाऊन बघणार. माझे गुडघे चालतायत तोवर.

शेवटी म्हटलं, ज्यांना आपल्या शेतावर कॅमेरा हवा त्यांनी हात वर करा. एकतीस शेतकरी होते. वर गेलेले हात मी मोजलेच नाहीत, खाली राहिलेले मोजले. एकच होता, आणि त्या आजोबांना ऐकू कमी येतं. त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा विचारलं, तर त्यांनी दोन्ही हात वर केले.

तुझी वन्सं